शनिवारचा चहा : दम खा, पण बसून राहू नका



शनिवारचा चहा घेऊन हजर आहे. मागच्या वेळी आई-वडिलांच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाबद्दल आणि व्हिजिटर इन्शुरन्सबद्दल लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच-सहा पत्रांत इन्शुरन्सचा विषयच नव्हता. "बाबांना सीओपीडी आहे, इथे आल्यावर फिरायला न्यावं की घरातच ठेवावं?" "आईला दहा पावलं टाकली की धाप लागते, जिना चढू द्यावा का?" शब्द निरनिराळे, प्रश्न एकच. म्हणून आजचा अख्खा कप या एका प्रश्नावर.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर (आपल्यापैकी निम्मे असेच!). पण माझ्या आईला गेली सहा वर्षे हा आजार आहे. ती साताऱ्याला, मी न्यू जर्सीत. या सहा वर्षांत जे वाचले, डॉक्टरांचे डोके खाऊन जे समजून घेतले आणि घरी जे प्रत्यक्ष घडले, ते लिहितोय. तुमच्या घरी काही सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी लिहिले आहे असे समजा.

सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट आजार. श्वासनलिका अरुंद होतात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची लवचिकता जाते. कोणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला, "सिगारेट ओढायचे का?" आमच्या आईने सिगारेट-विडी हातात धरलेली नाही. पण पाटणजवळच्या तिच्या माहेरी आठव्या वर्षापासून ती चुलीपुढे बसली. लग्नानंतरही गॅस यायला बरीच वर्षे गेली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेला लेख नेमका यावर आहे. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड-शेणी-काटक्यांचा धूर घरात सोसणारे सुमारे ३०० कोटी, असा त्यांचा हिशोब. भारतात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज आहे. त्यात चुलीपुढे बसलेल्या आयाबाया किती असतील, विचार करा.

आता खरा मुद्दा. आईचा आजार वाढला त्यापेक्षा तिचे जग जास्त वेगाने लहान झाले. आधी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचे सकाळचे फिरणे सुटले. मग मंडई सुटली, भाजी अण्णा आणू लागले. मग गच्ची सुटली, कपडे वहिनी वाळत घालू लागली. मग देवळातली एकादशी सुटली. दोन वर्षांत तिचे जग म्हणजे पलंग, टीव्ही आणि न्हाणीघर. आणि यातले एकही काम कोणी तिच्याकडून रागाने काढून घेतले नव्हते. सगळे प्रेमाने! "तू बस गं, मी करतो." "आई, तुम्ही उठू नका." आत्या तर फोनवर बजावायची, "आयुष्यभर राबलीस, आता आराम कर." आईलाही ते पटले होते. "आता काय रे, वय झालं," एवढे म्हणून विषय बंद.

हा आराम गोड वाटतो, पण या आजारात तो उलटतो. कसे ते बघा.

धाप लागते म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी केली की स्नायू वाळतात, विशेषतः मांड्यांचे. दुबळा स्नायू थोड्याशा कामातही लवकर दमतो आणि लॅक्टिक अॅसिड तयार करू लागतो. त्यामुळे शरीरात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला आणखी जोरात श्वास घ्यावा लागतो. म्हणजे काल जेवढे चालून धाप लागत होती, त्यापेक्षा कमी चालून आज लागते. मग माणूस आणखी बसतो. आपल्या भाषेत सांगायचे तर इन्फिनिट लूप, आणि बाहेर पडायची कंडिशन कोणी लिहिलेलीच नाही.

दुसरी भानगड श्वासाची. या आजारात श्वास आत जायला जेवढा त्रास, त्याहून जास्त बाहेर पडायला. अरुंद नळीतून हवा सावकाश बाहेर येते. चालताना श्वासाची गती वाढते, आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येऊन बसतो. क्यूमध्ये येणाऱ्या रिक्वेस्ट जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाल्या की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. छाती फुगलेली राहते, नवीन हवेला जागा नाही, आणि "जीव गुदमरतोय" असे वाटते. म्हणून यांना पहिली गोष्ट शिकवतात ती ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घातल्यासारखा सावकाश श्वास सोडायला. आत दोन आकडे, बाहेर चार आकडे. फुंकरीमुळे नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या लगेच मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते.

व्यायामाने फुफ्फुस दुरुस्त होते का? नाही. हे स्पष्ट माहीत असलेले बरे, नाहीतर अपेक्षाभंग होतो. फुंकून केलेल्या तपासणीतला, म्हणजे स्पायरोमेट्रीतला, आईचा आकडा व्यायामाआधी जो होता तोच नंतरही राहिला. बदलतात ते पाय. मजबूत पाय तेच काम कमी हवेत करतात. हार्डवेअर जुनेच, पण लोड कमी झाला. शिवाय धाप लागली तरी ती ओसरते हा अनुभव रोज आला की भीती जाते, आणि भीती हा या आजाराचा अर्धा भाग आहे.

हे सगळे नवीन आहे असेही नाही. एकेकाळी डॉक्टरच अशा रुग्णांना विश्रांती सांगत. न्यूयॉर्कचे डॉ. अल्व्हान बॅराक यांनी १९५२ मध्येच लिहिले होते की काही रुग्णांची हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याने धाप न लागता चालण्याची क्षमता सुधारली. पण त्या सल्ल्याला मान मिळायला काही दशके गेली. आज या पद्धतीला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण आहेत. दम, थकवा, चालण्याची क्षमता, रोजचे जगणे, सगळ्यात सुधारणा. पुरावा इतका भक्कम की "नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या अशा आणखी चाचण्यांची आता गरज नाही" असे म्हणून कॉक्रेनने तो आढावा बंदच करून टाकला. इथे अमेरिकेत २०१० पासून मेडिकेअर याचे साधारण ३६ सेशनपर्यंत पैसे देते.

आणि तरी लोक जात नाहीत. २०२० मध्ये 'जामा'त एक अभ्यास आला. २०१४ साली सीओपीडीसाठी हॉस्पिटलात राहिलेले मेडिकेअरचे सुमारे १ लाख ९७ हजार रुग्ण. घरी गेल्यावर ९० दिवसांत रिहॅब सुरू केले फक्त दीड टक्का लोकांनी. त्या दीड टक्क्यातले ७.३ टक्के वर्षभरात दगावले, बाकीच्यांतले १९.६ टक्के. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, मुळात धडधाकट होते तेच रिहॅबला गेले असतील, हे खरे. पण तसे फरक हिशोबात धरल्यावरही मृत्यूचा धोका कमीच दिसला. अमेरिकेत ही स्थिती, तर आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावात रिहॅबचा बोर्ड शोधून सापडणे कठीणच.

मग साताऱ्यात काय केले? पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी आईचे हृदय तपासून परवानगी दिली आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेतली. चाचणी अगदी साधी. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, घड्याळ, आणि सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर. थांबायचे असेल तर थांबायचे, घड्याळ चालू राहते. आईचे अंतर आले २१० मीटर. त्यांनी एक कार्यक्रम लिहून दिला. साताऱ्यातली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. बाकीच्या दिवशी वहिनी.

सामान म्हणाल तर एक प्लॅस्टिकची खुर्ची, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. ओसरीपासून मागच्या दारापर्यंत अकरा मीटर भरतात, तोच आमचा कॉरिडॉर. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे चालणे, एक मिनिट दम खाणे, असे पाच वेळा. आपल्या भाषेत 'दम खाणे' हा किती नेमका शब्द आहे बघा! थांबणे म्हणजे हरणे नव्हे, तो व्यायामाचाच भाग. हळूहळू चालण्याची मिनिटे वाढली, थांबण्याची कमी झाली. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, आधी पाच वेळा, मग दहा. ते मांड्यांसाठी. शेवटी बाटल्या घेऊन हात वर-खाली. हातांचे महत्त्व मला माहीत नव्हते. फिजिओथेरपिस्टने सांगितले की खांद्याचे काही स्नायू या रुग्णांना श्वासासाठीही वापरावे लागतात, म्हणून दोरीवर कपडे टाकताना किंवा वेणी घालताना यांना इतकी धाप लागते.

किती जोर लावायचा ते कसे ठरवायचे? त्यासाठी बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाची शून्य ते दहाची मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे धाप अजिबात नाही, दहा म्हणजे कमाल. आईला सांगितले होते तीन-चारच्या आसपास राहायचे. म्हणजे चालता चालता बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये :-) शून्यावर चालण्यात फायदा नाही, आणि सात-आठवर जायचे कारण नाही. फेऱ्यांचा हिशोब वहिनीने कालनिर्णयच्या चौकोनात लिहिला, दुधाच्या हिशोबाखाली. "दूध दीड, फेऱ्या बावीस."

आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली, अंतर २६२ मीटर. तीसेक मीटरची वाढ झाली तरी रुग्णाला रोजच्या जगण्यात फरक जाणवतो असे मानतात, आईचे बावन्न वाढले होते. पण तिने मला फोनवर मीटर सांगितले नाहीत. "काल गच्चीत गेले होते," म्हणाली. "पापड वाळत घातले. तीनदा बसले, पण गेले."

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पुढच्या डिसेंबरात सर्दीचे निमित्त झाले, कफ वाढला, पाच दिवस हॉस्पिटल. घरी आली तेव्हा पुन्हा पलंग. आणि घरातला सूर एकच, "या चालण्यानंच झालं सगळं." अण्णांनी खुर्ची उचलून माळ्यावर ठेवली. पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांच्या भीतीवर इथून बसून लेक्चर देणे मला योग्य वाटले नाही. मी डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर घेतले आणि अण्णांसमोरच विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की त्रास संसर्गाने झाला, चालण्याने नव्हे. उलट हॉस्पिटलच्या पाच दिवसांत पाय आणखी गळाले आहेत. ताप उतरला, तब्येत स्थिर झाली की पहिल्या तीन-चार आठवड्यांतच पुन्हा सुरू करायचे, नाहीतर पुन्हा हॉस्पिटलची पाळी लवकर येते. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण मी बरोबर चालणार." तेव्हापासून दोघे चालतात. आईला पहिल्यापासून, दोन मिनिटांपासून, सुरुवात करावी लागली. या व्यायामाची कमाई टिकाऊ नसते मंडळी, सोडला की काही महिन्यांत ओसरते. औषधासारखाच तो चालू ठेवावा लागतो.

आता पत्रांतल्या प्रश्नांकडे.

विमानप्रवास : विमानातली हवा जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे जमिनीवर सुमारे १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखे. म्हणून तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा, विमानात ऑक्सिजन लागेल का. स्वतःचे सिलिंडर नेता येत नाही, मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण एअरलाइनला आधी कळवावे लागते. विमानतळावर व्हीलचेअर जरूर घ्या, तिथल्या रांगा म्हणजे व्यायाम नव्हे. पण ती विमानतळावरच सोडा, घरी आणू नका.

इथली थंडी : गार, कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात. जानेवारीत बाहेर फिरवू नका. त्याऐवजी मॉल! सपाट जमीन, एकसारखे तापमान, दर पन्नास पावलांवर बाक. बरेच मॉल दुकाने उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी दार उघडतात. आई मागच्या वेळी आली तेव्हा आमच्या मॉलमध्ये रोज सकाळी पंधरा-वीस आजी-आजोबा पांढरे बूट घालून फेऱ्या मारताना दिसायचे. त्यातले एक आजोबा तर नाकात नळी आणि पाठीवर कॉन्सन्ट्रेटर घेऊन चालायचे. आईने त्यांना पाहिले आणि म्हणाली, "ह्याला लाज वाटत नाही, मग मला कशाला?" इंग्रजी येत नसताना दोन महिन्यांत तिने तीन मैत्रिणी जमवल्या.

जिना : चढू द्या, पण रीत शिकवा. पायरी चढताना फुंकर, थांबून श्वास आत. कठड्याला हात. मध्ये दम खायला लाजायचे नाही. वर्षभर सपाट जमिनीवर राहिलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन मजले चढवू नका, एवढेच.

प्राणायाम : "अनुलोम-विलोम करते की रोज, पुरे नाही का?" हा प्रश्न तिघांनी विचारलाय. सावकाश श्वासाचे व्यायाम दम आवरायला मदत करतात, जरूर करावेत. पण पाय मजबूत करायला पायच चालवावे लागतात. आणि कपालभातीसारखे भराभर श्वासाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, अडकलेल्या हवेची क्यू आठवा.

कधी थांबायचे : छातीत दुखणे, चक्कर, ठोके अनियमित वाटणे, ओठ निळसर होणे यातले काहीही दिसले की ताबडतोब थांबा आणि डॉक्टर गाठा. ऑक्सिमीटरवर ८८ च्या खाली गेले की थांबायचे, असे आईला सांगितले आहे, तुमचा आकडा डॉक्टरांकडून घ्या. ताप, वाढलेला किंवा रंग बदललेला कफ असेल तर व्यायामाला सुट्टी. श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप डॉक्टरांनी सांगितला असेल तर चालायच्या आधी घ्यायचा. जेवणानंतर लगेच चालायचे नाही. दिवाळीच्या धुरात आणि हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी घरातच फेऱ्या.

आपण सात समुद्रापलीकडे बसलेले, आपण काय करायचे? नेब्युलायझर, ऑक्सिमीटर, महागडी गादी, सगळे आपण पाठवतो. पाठवावेच. पण बरोबर चालणारे माणूस पाठवता येत नाही, ते तिथेच शोधावे लागते. आठ आठवडे फिजिओथेरपिस्टचे पैसे द्या, ते इथल्या एका वीकेंडच्या बाहेरच्या जेवणाइतकेही होत नाहीत. आणि तिथल्या वहिनीला, बहिणीला, शेजारच्या काकूंना या कामाचे श्रेय मोकळेपणाने द्या. दुसरे म्हणजे फोनवरचा प्रश्न बदला. "दम लागतो का गं?" असे विचारले की उत्तर "लागतो रे" असेच येणार आणि पुढे "मग आराम कर" असेच निघणार. मी आता विचारतो, "आज किती फेऱ्या?" काल उत्तर होते अठ्ठावीस. त्यातल्या चार अण्णांनी चुकवल्या, अशी तक्रारही होती.

तुमच्या घरचा अनुभव असेल तर जरूर लिहा, विशेषतः लहान गावात असा कार्यक्रम कोणी चालवत असेल तर. पुढच्या शनिवारी हलका विषय घेतो, नक्की.

लोभ आहेच, तो वाढावा.